कोरोनात बाकीचे जंतू खरंच कमी झाले, की मोजायचेच राहिले?

सुदामानगरकर:
परवा इंदूरच्या रामबागेत मुंजीच्या पंगतीत वाद झाला, तो अर्धवट राहिला म्हणून इथे आणतोय. माझं म्हणणं एवढंच की 2020-21 मध्ये विषाणूने आपल्याला छळलं, पण बॅक्टेरियांची गाडी मात्र पंक्चर केली. आमच्याकडे दोन मुलं. दर पावसाळ्यात घसा, कान, ताप आणि ती गुलाबी अँटिबायोटिकची बाटली ठरलेली. त्या काळात एकदाही बाटली आणावी लागली नाही. आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. 26 देशांतल्या प्रयोगशाळांच्या नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारे न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस हे तिघेही 2020 मध्ये लॉकडाउन लागताच घसरलेले दिसले. तिघेही श्वासावाटे पसरणारे. तोंडाला मास्क, शाळा बंद, सराफ्यातली खाऊगल्ली बंद, छप्पन दुकानांवर कुत्रं नाही. जंतूंनी जायचं कुठे? तर पंगतीतले एक काका वरणभात कालवता कालवता म्हणाले, "घसरले नाहीत रे, कोणी मोजले नाहीत." बोला.

लोकमान्यनगरची सून:
मी काकांच्या पंगतीत. टीबीचं काय? 2019 मध्ये देशात साधारण 24 लाख टीबी रुग्णांची नोंद झाली होती, 2020 मध्ये 18 लाख. हे सहा लाख लोक काय काढा पिऊन बरे झाले? त्याच वर्षी जगभरात टीबीचे मृत्यू वाढले, दहाएक वर्षांत पहिल्यांदा. रोग कमी आणि मृत्यू जास्त, हा हिशोब मला कोणी समजावून सांगावा.
आमच्याकडचंच सांगते. सासऱ्यांना मे 2020 मध्ये खोकला लागला. कोरोनाची टेस्ट निगेटिव्ह आली आणि घरात अक्षरशः साखर वाटली. खोकला मात्र तिथेच. बेडका तपासा असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आम्हालाही सुचलं नाही. निदान झालं दिवाळीच्या तोंडावर. तोवर पाच महिने आम्ही सहा जण दोन खोल्यांत, खिडक्या लावून.

सुदामानगरकर:
वहिनी, वाईट वाटलं वाचून. पण टीबी वेगळा. तो आज शिरला तर महिन्यांनी, वर्षांनी उगवतो. मी घशातल्या चपळ जंतूंबद्दल बोलतोय. आणि "मोजले नाहीत" याला त्याच 26 देशांच्या अभ्यासात उत्तर आहे. त्यांनी चौथा एक जंतूही मोजला, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. हा श्वासातून पसरत नाही, बाळाला प्रसूतीच्या वेळी आईकडून मिळतो. त्याचा आकडा पूर्वीसारखाच राहिला. लॅब बंद म्हणून आकडे पडले असते, तर हाही पडला असता ना?

लॅबवाली:
हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तुम्ही दोघं दोन वेगळ्या जंतूंवरून भांडताय.
मी वीस वर्षं स्लाइड बघते. टीबीचा बेडका काचेवर पसरायचा, लाल रंग घालून खालून तापवायचं, आम्लाने धुवायचं, मग निळा रंग. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी काड्या दिसल्या की समजायचं. एप्रिल-मे 2020 मध्ये माझा स्लाइडचा रॅक दिवसेंदिवस रिकामा असायचा. काड्या संपल्या नव्हत्या, बेडक्याची डबीच येत नव्हती. आपलं मनोरमाराजे टीबी हॉस्पिटलसुद्धा तेव्हा कोविडसाठी लागलं होतं. गरजच तशी होती, दोष देत नाही.
आता सुदामानगरकर, तुमच्या चपळ जंतूंकडे. इस्रायलमध्ये लहान मुलांच्या नाकातले स्वॅब घेतले, तर न्यूमोकोकस नाकात जवळपास पूर्वीइतकाच! म्हणजे जंतू कुठे गेलाच नव्हता. आजार मात्र घटला. कारण त्या काळात फ्लू, आरएसव्ही हे नेहमीचे विषाणू गायब होते. विषाणू श्वासनलिकेतले केसांसारखे तंतू झोपवतो. जे रोज कफ झाडून वर ढकलतात तेच बंद पडले की नाकात गप्प बसलेला बॅक्टेरिया खाली फुफ्फुसात उतरतो. 1918 च्या फ्लूत बहुतेक माणसं शेवटी अशाच बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाने गेली. जपून ठेवलेल्या फुफ्फुसांच्या नमुन्यांवरून 2008 मध्ये हे पुन्हा तपासलं गेलं. तेव्हा फक्त मास्कला हार घालू नका. एक विषाणू आला आणि बाकीच्या विषाणूंची दुकानं बंद झाली, हेही त्यात आहे.

पोहेजलेबी:
मग काळ्या बुरशीचं काय, भिया? 2021 मध्ये इंदूरात केवढे रुग्ण होते!

लॅबवाली:
ती बुरशी. बॅक्टेरिया नाही. वाढलेली साखर आणि स्टिरॉइड यांनी तिला रान मोकळं केलं.

मेडिकलवाला:
काउंटरच्या या बाजूने बोलू का? लोक चिठ्ठीशिवाय यायचे, "अ‍ॅझिथ्रोचा पत्ता द्या", आणि घरातल्या प्रत्येकासाठी एकेक. जून ते सप्टेंबर 2020 या चार महिन्यांत देशात अँटिबायोटिकचे सुमारे 21 कोटी जादा डोस खपले असा अंदाज निघालाय. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर हिशोब मांडला: कोविडने अ‍ॅडमिट झालेल्यांपैकी साधारण 8 टक्क्यांनाच सोबत बॅक्टेरियाचा संसर्ग होता, अँटिबायोटिक मिळालं 75 टक्क्यांना. आम्हीही विकलंच, नाही कशाला म्हणू. तेव्हा "गाडी पंक्चर" वगैरे ठीक आहे, पण वाचले ते औषधाला न जुमानणारे. आयसीयूतल्या क्लेबसिएला या बॅक्टेरियाने मास्क कधी बघितलाच नाही, तो नळीतून आणि हातातून फिरतो.

पलसीकर कॉलनीतले अण्णा:
महामारी म्हटलं की तुम्हाला फक्त कोरोना आठवतो. एचआयव्हीही विषाणूच. त्याने आफ्रिकेत टीबी असा पेटवला की अजून विझत नाहीये. तिथे लॉकडाउनही नव्हता आणि मोजणीचा घोळही नव्हता. विषाणूने माणसाची प्रतिकाराची फौजच कापली.

सुदामानगरकर:
अण्णा, नमस्कार. टीबीपुरता मी हरलो, लिहून घ्या. पण घशाच्या जंतूंवर ठाम आहे, आणि पुरावा नंतरचा आहे. निर्बंध उठले आणि 2022 च्या अखेरीला इंग्लंड-फ्रान्समध्ये मुलांत ग्रुप ए स्ट्रेप हा घसा सुजवणारा बॅक्टेरिया उसळला. डांग्या खोकला 2023-24 मध्ये युरोपभर परतला. दबलेलं होतं म्हणूनच उसळलं ना? दोन वर्षं जंतूशी गाठ न पडल्याची उधारी.

लोकमान्यनगरची सून:
"उधारी" शब्दावर माझा आक्षेप. जंतूकडून आजारी पडणं हे काय देणं लागतो का आपण? त्या वर्षांत मुलांच्या लशी चुकल्या, त्याही धरा. माझ्या जावेच्या मुलीचा एक डोस तब्बल सात महिने उशिरा झाला, कारण दवाखान्यात जायचीच भीती.

सुदामानगरकर:
ग्रुप ए स्ट्रेपची लसच नाहीये, वहिनी.

लोकमान्यनगरची सून:
डांग्या खोकल्याची आहे. अर्धं माझं, अर्धं तुमचं.

पोहेजलेबी:
वाद चालू द्या. लॅबवाली ताई, आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला तीन आठवड्यांपासून खोकला आहे, वजनही उतरलंय. कोरोना तर नाही म्हणतो. त्याने काय करावं?

लॅबवाली:
जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवा, तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. दोन डब्या लागतील, एक तिथेच आणि एक सकाळची. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, साध्या पाण्याने चूळ भरून, मोकळ्या हवेत उभं राहून छातीतून खोकायचं. निम्मे लोक नुसती लाळ आणतात. लाळ नको म्हणावं, बेडका हवा.