पिस्तूल शिकताना आधी काय : माशी-खाच की रेड डॉट?

शांतनेम :
पिस्तुलाचा सराव नव्याने सुरू करणाऱ्याला हल्ली थेट रेड डॉट (काचेत लाल बिंदू दाखवणारे नेम धरण्याचे साधन) बसवलेले पिस्तूल हाती घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला मान्य नाही. रेड डॉटला माझा विरोध नाही. शिकण्याचा प्रारंभ मात्र उघड्या साइटवर (साइट म्हणजे नेम धरण्याचे साधन), म्हणजे नळीच्या टोकाकडची माशी आणि मागची खाच यांच्यावर व्हावा, असे मला ठामपणे वाटते.

त्यामागे साधी भूमिती आहे. पूर्ण आकाराच्या पिस्तुलावर माशी आणि खाच यांच्यात साधारण १६ सेंटिमीटर अंतर असते. माशी खाचेत अवघा १ मिलिमीटर डावीउजवीकडे सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १५ सेंटिमीटर बाजूला जाते. हा दोष नेम धरतानाच डोळ्यांना दिसत असल्याने पकड, मनगट आणि चापावरचे बोट यांना शिस्त लागते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत आजही फक्त उघड्याच साइटला परवानगी आहे आणि २५ मीटरच्या अचूकता टप्प्यातील दहाचे वर्तुळ केवळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. जगातले उत्तम नेमबाज ते माशी-खाचेवरच साधतात.

नवा_कोन :
आपण दिलेली भूमिती बरोबर आहे, पण ती माझ्या बाजूने बोलते. १ मिलिमीटरची चूक १५ सेंटिमीटर होते, कारण दोन वस्तू एका रेषेत आणायच्या असतात. रेड डॉटमध्ये एका छोट्या एलईडीचा प्रकाश वक्र, लेपित काचेवरून समांतर होऊन डोळ्यात येतो, त्यामुळे बिंदू काचेच्या मधोमध नसून कडेला असला तरी तो जिथे दिसतो, जवळजवळ तिथेच गोळी जाते. थोडा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकल्याने बिंदू लक्ष्यावर सरकल्याचा भास, उरतो, पण वरच्या चुकीपुढे तो किरकोळ आहे.

दुसरी अडचण डोळ्याची. खाच, माशी आणि लक्ष्य ही तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणूनच माशी स्पष्ट आणि लक्ष्य धूसर ठेवण्याचा जुना नियम आहे. डॉट वापरताना नजर लक्ष्यावरच राहते आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.

शिस्तीबद्दल बोलायचे, तर शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून ड्राय फायर, म्हणजे गोळीविना चाप ओढण्याचा सराव, करताना चाप सुटण्याच्या क्षणी डॉटकडे पाहावे. बोटाने थोडा जरी हिसका दिला, तरी बिंदू उडालेला स्पष्ट दिसतो. माशीचे तेवढेच हलणे नवशिक्याच्या नजरेतून सहज निसटते. स्पर्धेचा नियम हा त्या खेळात कोणते कौशल्य जोखायचे याचा निर्णय आहे. शिकवण्याची योग्य पद्धत कोणती, हे त्यावरून ठरत नाही.

शांतनेम :
ड्राय फायरचा मुद्दा सबळ आहे आणि तो मी मान्य करतो. पण त्याआधीच्या क्षणाचे काय? नवा माणूस पिस्तूल डोळ्यांसमोर आणतो, काच रिकामी दिसते आणि तो मनगट फिरवत बिंदू शोधत बसतो. बिंदू काचेबाहेर वर गेला आहे की खाली, हे रिकामी काच सांगत नाही. माशी मात्र चुकली तरी दिसत राहते. ती खाचेच्या वर डोकावली तर नळी वर गेली आहे, हे क्षणात कळते. चुकीची दिशा दाखवणारे साधनच शिकवू शकते.

चाळिशीपार :
दोघांच्याही बोलण्यात शिकणाऱ्याचे वय आलेले नाही, आणि माझ्या मते सारा प्रश्न तिथेच आहे. चाळिशीनंतर डोळ्याची जवळचे पाहण्याची क्षमता घटत जाते. हाताच्या अंतरावरची माशी धूसर होते आणि कितीही निष्ठेने सराव केला तरी ती स्पष्ट होत नाही. अशा माणसाला आधी माशी शिका म्हणणे अन्यायाचे आहे.

मात्र डॉटही प्रत्येकाला गोल दिसत नाही. दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असणाऱ्याला तो शेपटी फुटल्यासारखा किंवा पसरलेला दिसतो आणि तो साइट बिघडली असे समजतो. काचेतून मोबाइलने छायाचित्र घ्यावे. त्यात बिंदू गोल आला, तर दोष आपल्या डोळ्यात आहे. बिंदूचा उजेड कमी केल्यास तो पसरटपणा बराच आवरतो. कोणतेही साधन सुचवण्यापूर्वी प्रशिक्षकाने शिकणाऱ्याला डोळे तपासून घ्यायला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शस्त्रदुरुस्ती :
मी देखभालीपुरते बोलतो. पिस्तुलाचा डॉट बहुधा स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागावर, असतो आणि प्रत्येक गोळीबरोबर स्लाइड मागे आदळून पुढे येते, म्हणजे प्रत्येक धक्का त्या साइटच्या स्क्रूंना बसतो. स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या ताणानेच आवळावेत, त्यांना लॉकिंग द्रव लावावा आणि स्क्रूपासून साइटपर्यंत रंगाची बारीक खूण करावी, म्हणजे तो ढिला झाल्यास नजरेने कळतो. काही साइटमध्ये बॅटरी तळाशी असते. ती बदलायला साइट उतरवावी लागते आणि पुन्हा बसवल्यावर झिरो, म्हणजे बिंदू आणि गोळी लागण्याची जागा यांचा मेळ, तपासावाच लागतो. उघड्या रचनेत एलईडीवर पावसाचा एक थेंब पडला तरी बिंदू विस्कटतो. एमपॉइंट अ‍ॅक्रोसारख्या बंदिस्त रचनेच्या साइटमध्ये ही अडचण टळते, पण वजन आणि आकार वाढतो. डॉट बसवला म्हणून माशी-खाच काढून टाकणाऱ्यांना मी नेहमी अडवतो.

नवा_कोन :
उंच माशी-खाच काचेतून दिसेल अशी ठेवली, तर शांतनेम यांच्या रिकाम्या काचेच्या प्रश्नालाही उत्तर मिळते. पिस्तूल वर आणताना आधी माशी नजरेत येते, ती खाचेत बसली की बिंदू तिच्या माथ्यावर उभा असतो. पुढे शोधण्याची गरज उरत नाही. चाळिशीपार यांचे म्हणणे तर मला पूर्ण पटते.

शांतनेम :
म्हणजे बिंदू शोधायलाही माशी लागतेच! माझा क्रम मी सोडत नाही, पण त्याला मर्यादा घालतो. ज्यांना माशी स्पष्ट दिसते, त्यांनी पकड आणि पिस्तूल वर आणण्याची हालचाल तिच्यावर पक्की करावी व नंतर डॉट घ्यावा. ज्यांना ती दिसतच नाही, त्यांनी पहिल्या दिवसापासून डॉट वापरावा. एक शंका मात्र राहते. माशीकडे पाहण्याची सवय लागलेला माणूस डॉटवर गेला की लक्ष्याऐवजी बिंदूकडेच टक लावतो. ती सवय कशी मोडावी?

नवा_कोन :
ड्राय फायरच्या वेळी काचेच्या पुढच्या, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवर अपारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवावेत. एका डोळ्याला फक्त बिंदू आणि दुसऱ्याला फक्त लक्ष्य दिसते. मेंदू दोन्ही एकत्र करतो. बिंदूकडे टक लावली, तर पट्टीमागे लक्ष्य हरवते. ज्यांचे दोन्ही डोळे एकत्र नीट काम करत नाहीत किंवा ज्यांच्या डोळ्यांची रेषा जुळत नाही, त्यांना बिंदू सरकलेला दिसू शकतो, म्हणून ही पट्टी सरावापुरतीच ठेवावी आणि झिरो करताना काढून टाकावी.