नागपुरात ग्रीन बिल्डिंग सर्टिफिकेट, सुरुवात कधी करायची?

मनीषनगरवाला: छोटी फ्लॅट स्कीम काढतोय, आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) चं गोल्ड रेटिंग पाहिजे. स्लॅब टाकल्यावर रजिस्ट्रेशन केलं तर जमते का भाऊ?

साइटवरचा: नका थांबू, डिझाइन सुरू असतानाच करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पश्चिमेला काच कमी, खोल छज्जे, गच्चीवर पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह टाइल्स, हे सगळं नकाशातच ठरते, नंतर नुसता खर्च वाढते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची कोळशाची राख जवळच आहे, त्या राखेच्या फ्लाय अॅश विटाच घ्या.

बिलिंगवाली: आणि कागदं सांभाळा जी! विटांत राख किती टक्के ते सप्लायरकडून लेटरहेडवर लिहून घ्या, लो व्हीओसी (घातक वाफा कमी सोडणाऱ्या) पेंटचा टेस्ट रिपोर्ट, चलान, तारखेसहित फोटो. चांगलं काम करूनही पुरावा नसल्यापायी रेटिंगचे पॉइंट जातात, जीव तुटतो.