मदत हवी आहे : आमच्या व्हीलचेअर कार्यशाळेने दोनशे खुर्च्यांची मागणी स्वीकारावी का?

नमस्कार.

इंदुरात सांवेर रोडच्या औद्योगिक भागात आमच्या विश्वस्त संस्थेची एक लहान कार्यशाळा आहे. तेथे व्हीलचेअर, हाताने चालवायच्या तीनचाकी आणि कुबड्या यांची दुरुस्ती होते आणि अलीकडे मोजक्या खुर्च्या वापरणाऱ्याचे माप घेऊन नव्यानेही बांधल्या जातात. काम करणारे नऊही जण दिव्यांग आहेत. चौघांच्या पायांवर लहानपणीच्या पोलिओचा परिणाम आहे, दोघे मणक्याच्या दुखापतीनंतर स्वतः व्हीलचेअर वापरतात आणि तिघे कर्णबधिर आहेत. वेल्डिंग मुख्यतः कर्णबधिर कारागिरांकडे आहे, तर आरे ताणून चाक सरळ करणे, बेअरिंग बसवणे, आसनाचे कापड शिवणे आणि अखेरची जुळणी ही कामे बाकीचे वाटून घेतात. सर्वांना मासिक पगार मिळतो.

आमचे काम दुरुस्तीतूनच उभे राहिले. शिबिरांत मोफत मिळालेल्या खुर्च्या देपालपूर, सांवेर, महू या तहसिलींतून आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकींचे दुखणे एकच असते. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली, पुढे लहान आणि अरुंद चाके असलेली खुर्ची माळव्याच्या काळ्या मातीत पहिल्याच पावसात रुतते, ओढाताणीत पुढच्या चाकाचा काटा वाकतो आणि मग ती घराच्या कोपऱ्यात कपडे ठेवण्याच्या कामी येते. खुर्ची मिळाली अशी नोंद सरकारदरबारी मात्र कायम राहते.

आता एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून आम्हाला दोनशे खुर्च्यांची मागणी देऊ केली आहे. अट अशी की सर्व खुर्च्या एकाच मापाच्या असाव्यात, मार्च संपण्यापूर्वी तयार व्हाव्यात आणि एकाच शिबिरात वाटल्या जाव्यात. दर ठरवताना त्यांनी बाजारातील तयार घडीच्या खुर्चीचा भाव समोर ठेवला आहे. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले असून शिल्लक पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या मते ही मागणी नाकारणे म्हणजे नऊ जणांच्या पगाराची हमी नाकारणे होय. मला भीती वाटते ती अशी, की ज्या प्रकारच्या खुर्च्या आम्ही आजवर दुरुस्त करत आलो त्याच प्रकारच्या दोनशे खुर्च्या आम्हीच तयार करू. शिवाय मुदत गाठण्यासाठी नगावर मजुरी देण्याची सूचना पुढे आली आहे आणि तिच्यामुळे कारागिरांमध्ये आताच कुजबुज सुरू झाली आहे.

उत्पादन, पुनर्वसन किंवा हिशेब यांपैकी कोणत्याही बाजूचा अनुभव असणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. मागणी घ्यावी का, घ्यायची झाल्यास कोणत्या अटींवर घ्यावी आणि नगावरची मजुरी अशा कार्यशाळेत योग्य ठरते का, हे मला प्रामुख्याने विचारायचे आहे.

प्रतिसाद १

मी पिथमपूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन विभागात होतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

व्हीलचेअरही बनवणारा कानपूरचा सरकारी भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम 1972 साली स्थापन झाला आणि त्याचे एक केंद्र आपल्या जबलपूरलाही आहे. एकाच मापाची खुर्ची मोठ्या संख्येने बनवण्यात तुम्ही अशा कारखान्याच्या भावाशी कधीही स्पर्धा करू शकणार नाही, आणि करूही नये. पोलादी पाइप घाऊक घेणारा कारखाना आणि लोहामंडीतून गरजेपुरता पाइप आणणारी कार्यशाळा यांचा कच्च्या मालाचाच भाव वेगळा असतो. तुमचे बळ मापात, मजबुतीत आणि दुरुस्तीत आहे.

मजबुतीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण देणगीदाराशी बोलताना ते उपयोगी पडेल. व्हीलचेअरच्या चाचण्यांसाठी आयएसओ 7176 ही मानकांची मालिका आहे. तिच्या आठव्या भागात खुर्चीवर वजन ठेवून, पट्ट्या ठोकलेल्या दोन फिरत्या ढोलांवर ती दोन लाख फेऱ्या चालवतात आणि त्यानंतर पन्नास मिलिमीटर उंचीवरून 6,666 वेळा आपटतात. तुम्हाला हे यंत्र घेणे परवडणार नाही, परंतु एक खुर्ची वजन भरून पायरीवरून रोज आपटत राहिलात तर कोणता जोड आधी तडकतो ते नक्की कळेल. माझा अंदाज असा की पुढच्या चाकाच्या नळीचा सांधा आधी जाईल.

जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वेल्डिंगसाठी अजिबात वापरू नका. त्याच्या धुराने कारागिराला त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. धुऱ्याला बारा किंवा पंधरा मिलिमीटर आतला व्यास असलेली, म्हणजे 6001 किंवा 6202 क्रमांकाची बेअरिंगे ठेवा, म्हणजे मोटार दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात ती मिळतील. मागचे चाक सायकलच्या टायर-ट्यूबचेच असू द्या. जिग आणि फिक्स्चर, म्हणजे जोडकाम करताना भाग ठरलेल्या जागी पक्के धरणारे साचे, बनवून घेण्यासाठी सांवेर रोडवरच इंडो-जर्मन टूल रूम आहे. तेथे चौकशी करा. सरकवून वेगवेगळ्या रुंदीवर पक्के करता येईल असे एकच फिक्स्चर करून घेतलेत तर चार मापांच्या सांगाड्यांसाठी चार फिक्स्चर लागणार नाहीत.

प्रतिसाद २

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) असून वडोदऱ्यात मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णांसोबत काम करते.

एकाच मापाच्या दोनशे खुर्च्या हा विचार मला धोकादायक वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली साधनांची कमतरता असलेल्या प्रदेशांसाठी हाताने चालवायच्या व्हीलचेअरबाबत मार्गदर्शिका काढली. तिच्यात खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत आणि बनवणे किंवा जुळवणे ही त्यांतली केवळ एक आहे. आधी व्यक्तीची तपासणी, मग खुर्चीची निवड, पुढे अंगाला बसते का हे पाहणे, वापरणाऱ्याचे प्रशिक्षण आणि नंतरची देखभाल, असा तो क्रम आहे. एका दिवसाच्या शिबिरात यांतले फारसे काही होत नाही.

माप चुकल्याने काय होते ते सांगते. आसन नितंबांपेक्षा बरेच रुंद असले की माणूस एका बाजूला कलतो, चाकापर्यंत हात नीट पोहोचत नाहीत आणि पाठीचा कणा वाकडा होऊ लागतो. आसनाची खोली पाठीपासून गुडघ्यामागच्या खोलगटीपर्यंतच्या अंतरापेक्षा तीन ते सहा सेंटिमीटर कमी हवी. ती जास्त झाली तर कड गुडघ्यामागे रुतते आणि मनुष्य पुढे घसरून बसतो. ज्यांच्या कमरेखाली संवेदना नाही त्यांना बसण्याच्या हाडांखाली जखम होते आणि ती दुखत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा जखमेतला जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून उशीविना खुर्ची देऊच नका आणि उशीचा खर्च दरात स्वतंत्र दाखवा, नाहीतर काटकसरीत तोच आधी वगळला जाईल.

नगावरच्या मजुरीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. तुमच्याकडे मणक्याची दुखापत असलेले जे दोघे आहेत त्यांनी दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून किंवा पुढे वाकून दाब हलका केलाच पाहिजे. नगाचा हिशेब सुरू झाला की हे थांबणे त्यांना नुकसान वाटेल आणि ते दोघे ते टाळतील. आणखी एक गोष्ट अशी की दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली अशा माणसाचा ताप भराभर वाढतो. वेल्डिंगची ठिणगी मांडीवर पडली तरी त्यांना कळत नाही, म्हणून त्यांना त्या भागापासून दूर ठेवा किंवा चामड्याचे आच्छादन सक्तीचे करा.

प्रतिसाद ३

हिशेबाबद्दल लिहितो. व्हीलचेअरवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे, पण ज्या पोलादी पाइपपासून ती बनते त्यावर अठरा टक्के आहे. म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करात पूर्ण वळता होत नाही आणि रक्कम अडकून राहते. तिचा परतावा मागता येतो, मात्र त्यासाठी अर्ज वेळेवर आणि बिले चोख हवीत. दोनशे खुर्च्यांच्या खरेदीत ही रक्कम लहान नसेल, तेव्हा खजिनदारांनी खेळत्या भांडवलात तिचा विचार करावा.

मार्चच्या मुदतीचे म्हणाल, तर ती अटळ नाही. कंपनी कायद्यात चालू प्रकल्प अशी सोय आहे. संचालक मंडळाने प्रकल्पाला तसे ठरवले तर न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. कंपनीच्या अधिकाऱ्याला हे बहुधा ठाऊक असते, परंतु समोरच्याने विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

सध्या नऊ जण आहात. दहावा घेतल्यावर कर्मचारी राज्य विमा लागू होईल. त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी वेतनमर्यादा पंचवीस हजार रुपये आहे, इतरांसाठी एकवीस हजार. ती संख्या गाठण्याआधीच नोंदणीची तयारी ठेवा. माझ्या मते विमा टाळण्यासाठी नऊवरच थांबणे हा कारागिरांवर अन्याय ठरेल.

प्रतिसाद ४

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो, ग्वाल्हेरला असतो. वरील सर्व मुद्दे मान्य आहेत, तरीही एक बाजू राहून गेली आहे.

अपंगांनी बनवलेली खुर्ची म्हणून ती विकू नका. देणगीदाराला ते आवडेल, छायाचित्रेही निघतील, पण मग खुर्ची चांगली आहे का हे कोणी विचारणार नाही. वापरणाराच कारागीर असला तर त्याचा खरा फायदा आराखड्यात दिसतो. राल्फ हॉचकिस हे अमेरिकन अभियंता 1966 सालच्या मोटारसायकल अपघातानंतर व्हीलचेअर वापरू लागले. पुढे निकाराग्वासारख्या देशांतल्या वापरणाऱ्यांसोबत बसून त्यांनी खडबडीत रस्त्यांसाठी लांब पाया आणि पुढे रुंद चाके असलेली खुर्ची विकसित केली. आपल्याकडे बंगळुरूची मोबिलिटी इंडिया ही 1994 पासूनची संस्था आहे. तिच्या कामात दिव्यांग व्यक्ती, विशेषतः स्त्रिया, तंत्रज्ञ म्हणून तयार झाल्या. त्यांच्याशी पत्रव्यवहार करावा असे सुचवतो.

तुमच्या दोन्ही व्हीलचेअरवाल्या कारागिरांना नमुन्याची खुर्ची घेऊन देपालपूरच्या एखाद्या गावात पावसाळ्यात पाठवा आणि ते जे बदल सांगतील ते करूनच आराखडा पक्का करा. त्या दिवसांचा पगारही द्या, कारण चाचणी हेही कामच आहे. मजुरीबाबत माझे मत स्पष्ट आहे. पगार मासिकच असावा आणि कोणाला प्रोत्साहनपर काही द्यायचेच असेल तर ते संपूर्ण गटाला, परत न आलेल्या खुर्च्यांवर द्यावे, तयार झालेल्या खुर्च्यांवर नव्हे.

आणि कार्यशाळेत व्हीलचेअर फिरवता येईल असे स्वच्छतागृह आहे का, हे आपण लिहिलेले नाही. आत वळायला दीड मीटरचे वर्तुळ मोकळे लागते. नसेल तर दोनशे खुर्च्यांआधी ते बांधा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. स्वच्छतागृहाविषयी सांगायचे तर रॅम्प आणि आधाराचे दांडे आहेत, परंतु दार आत उघडते आणि त्यामुळे वळायला जागा उरत नाही. या आठवड्यात ते बाहेर उघडणारे करून घेत आहोत.

विश्वस्तांच्या बैठकीत हा धागा छापून ठेवला होता. नगावरच्या मजुरीचा विषय तेथेच संपला आणि तसे कारागिरांना सांगितलेही आहे. कंपनीपुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवणार आहोत की पहिल्या वर्षी चार मापांच्या मिळून साठ खुर्च्या उशीसह द्याव्यात, माप घेण्याचे काम तहसीलनिहाय आधी व्हावे, त्याच निधीतून आधी वाटलेल्या खुर्च्यांच्या दुरुस्तीची फेरी निघावी आणि उरलेली रक्कम चालू प्रकल्प म्हणून पुढे न्यावी. खजिनदार अजून नाखूश आहेत, तथापि कराच्या परताव्याचा हिशेब त्यांनी स्वतः मांडायला घेतला आहे, ही माझ्या दृष्टीने संमतीच होय. कंपनीने हे मान्य केले नाही तर दोनशेची मागणी आम्ही सोडून देऊ, असा ठराव एका मताच्या फरकाने झाला.

आता दोन नेमक्या गोष्टींसाठी पुन्हा मदत हवी आहे. आमच्या तिन्ही कर्णबधिर कारागिरांना फिक्स्चरचे रेखाचित्र वाचण्याचे प्रशिक्षण द्यायचे आहे आणि त्यासाठी यंत्रशाळेची परिभाषा समजणारा सांकेतिक भाषेचा दुभाषा इंदूर किंवा भोपाळमध्ये हवा आहे. कोणाच्या माहितीत असल्यास कळवावे. दुसरे, उशीसाठी वेगवेगळ्या घनतेचा फोम थरांत कापून बसण्याच्या हाडांखाली खोलगट आकार देणारे कोणी सियागंज परिसरात किंवा अन्यत्र असेल तर त्यांच्याकडून आम्हाला काम शिकायचे आहे. तयार उश्या विकत घेण्याचा आमचा विचार नाही.

प्रतिसाद २ यांस : माप घेण्याचा आपला छापील तक्ता असल्यास तो येथे देता येईल का?

प्रतिसाद २

तक्ता आज रात्री देते. तो गुजरातीत आहे, मराठी आणि हिंदी करून घ्यावा लागेल. फोमबाबत एवढेच सांगते की नमुना उशीवर कारागिराला बसवून हाडांखाली तळहात घालून पाहा. हाड तळहाताला टोचले तर फोम पातळ आहे, मग तो कितीही महाग असो.