ख्रिस्ती पंथांतला फरक : भाषांतर करताना कोणत्या खुणा पाहाव्यात? (सल्ला हवा)

पानगळ :
ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणते आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट ही तीन नावं माहीत आहेत, पण मूळ मजकुरात नुसतं 'चर्च', 'प्रीस्ट', 'कम्युनियन' असतं आणि ते नेमकं कुणाबद्दल आहे हे पानोपानी अडतं. सुरुवात कुठून करावी? मजकूर कोणत्या परंपरेचा आहे हे पटकन कशावरून ओळखावं? आणि भाषांतरात हमखास कुठे चुकतं, तेही सांगा.

कालरेषा :
आधी 'तीन पंथ' हे डोक्यातून काढा. तीन धरले की पूर्वेकडची निम्मी मंडळी चुकीच्या खणात जाऊन पडतात.

कोण किती महासभा (श्रद्धेचे प्रश्न ठरवायला भरलेल्या बिशपांच्या मोठ्या सभा) मानतो, हे मोजणं सगळ्यात सोपं. अ‍ॅसिरियन 'चर्च ऑफ द ईस्ट' पहिल्या दोनच मानतं : नायसिया (३२५) आणि कॉन्स्टँटिनोपल (३८१). कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन, इथिओपियन, एरिट्रियन आणि (केरळातली) मलंकरा या प्राच्य ऑर्थोडॉक्स मंडळ्या एफिसससकट (४३१) तीन मानतात. ग्रीक, रशियन, रोमानियन, सर्बियन वगैरे पूर्व ऑर्थोडॉक्स सात, म्हणजे ७८७ च्या दुसऱ्या नायसियापर्यंत. कॅथलिक एकवीस, शेवटची दुसरी व्हॅटिकन, १९६२ ते १९६५. प्रोटेस्टंटांतल्या जुन्या शाखा पहिल्या चारांना मान देतात, पण महासभाही चुकू शकते आणि शेवटचा शब्द शास्त्राचा, हे त्यांचं म्हणणं.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. कॉप्टिक आणि ग्रीक दोघेही 'ऑर्थोडॉक्स', पण ४५१ च्या कॅल्सेडोन सभेपासून वेगळे. वाद होता ख्रिस्ताच्या स्वरूपाचा. 'दोन स्वभावांत एक व्यक्ती' हे सूत्र त्या सभेने ठरवलं. कॉप्टिक मंडळी ज्यातली, त्या अलेक्झांड्रियाच्या परंपरेला 'देवत्व आणि मानवत्व एकवटलेला एकच स्वभाव' ही तिथला बिशप सिरिल याची भाषा सोडायची नव्हती. जुन्या पुस्तकांत त्यांना 'मोनोफिसाइट' म्हटलेलं सापडेल. त्या शब्दाचा रोख असा की ख्रिस्ताचं माणूसपण देवत्वात विरघळून गेलं. या मंडळ्या ते कधीच मानत नाहीत, म्हणून तो शब्द त्यांना खुपतो. 'मियाफिसाइट' लिहा.

आता १०५४, म्हणजे रोम आणि पूर्वेच्या मंडळ्या फुटल्याचं सांगितलं जातं ते वर्ष. '१०५४ साली चर्च दुभंगलं' हे वाक्य मूळ मजकुरात असेल तर तसंच ठेवावं लागेल, पण टीप द्या. त्या वर्षी १६ जुलैला पोपचा दूत कार्डिनल हंबर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं, ते तिथला धर्मप्रमुख (पेट्रिआर्क) मायकेल सेरुलारिअस आणि त्याच्या साथीदारांविरुद्ध. सगळ्या पूर्वेविरुद्ध नव्हे. ज्याच्या वतीने ठेवलं तो पोप नववा लिओ एप्रिलमध्येच वारला होता. सामान्य माणसाच्या मनात तडा गेला तो १२०४ मध्ये, चौथ्या धर्मयुद्धातल्या पश्चिमेच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा. १०५४ चे परस्पर बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ ला मागे घेतले गेले, पण त्यामुळे दोन्ही मंडळ्या एक झाल्या असं कुठे लिहू नका. आजही एकाच वेदीवर सहभाग नाही.

मूळसंहिता :
मजकूर हातात आला की मी सांगते त्या जागा आधी तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

श्रद्धासूत्र. पवित्र आत्मा 'पित्यापासून निघतो' एवढंच असेल तर मजकूर बहुतेक पूर्वेचा. 'पित्यापासून आणि पुत्रापासून' असेल तर पश्चिमेचा, मग कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट. हे दोन शब्द ३८१ च्या पाठात नाहीत. स्पेनमध्ये सहाव्या शतकापासून म्हटले जाऊ लागले, रोमच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) १०१४ मध्ये आले. पूर्वेची तक्रार दुहेरी आहे : आशय मान्य नाही, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या पाठात एकट्याने भर घालण्याचा अधिकारही मान्य नाही.

दहा आज्ञा. 'खून करू नको' ही पाचवी की सहावी? कॅथलिक आणि लूथरन (मार्टिन लूथरला मानणारे प्रोटेस्टंट) यांच्यात पाचवी. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडची परंपरा) आणि प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या परंपरेत सहावी. मूर्तीविषयीची आज्ञा पहिलीत धरायची की दुसरी म्हणून वेगळी मोजायची, यावर हे अवलंबून. एकत्र धरणारे शेवटी 'लोभ धरू नको'चे दोन भाग करतात, म्हणून बेरीज दोन्हीकडे दहाच. लूथरन इथे कॅथलिकांबरोबर आहेत, हे विसरलं की 'सहाव्या आज्ञेचा भंग' हे खुनाऐवजी व्यभिचार, किंवा उलट, होऊन बसतं.

स्तोत्रसंहिता. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे हिब्रू क्रमाने २३ वं, जुन्या ग्रीक भाषांतराच्या क्रमाने २२ वं, कारण हिब्रूतली ९ आणि १० ही दोन स्तोत्रं ग्रीकमध्ये एक आहेत. ऑर्थोडॉक्स ग्रंथ ग्रीक क्रम पाळतात, जुने कॅथलिकही. नवी कॅथलिक भाषांतरं हिब्रू क्रमावर आली आहेत. म्हणून आकड्यावर विसंबून मराठी ओळ उचलू नका, ओळ वाचून जुळवा.

पुस्तकांची संख्या : प्रोटेस्टंट ६६, कॅथलिक ७३. ऑर्थोडॉक्सांकडे आणखी काही, जसं मक्काबींचं तिसरं पुस्तक आणि १५१ वं स्तोत्र.

पानगळ :
हे फार उपयोगी पडेल. 'कम्युनियन'चं काय करू? सगळीकडे 'प्रभुभोजन' लिहीत आले आहे.

दीपमाळ :
तिथे थांबा. कम्युनियन म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, आणि खरा फरक त्या ताटातच आहे, आणि मला विचाराल तर ग्रंथांपेक्षा तिथून सुरुवात करावी.

कॅथलिक लॅटिन विधीत भाकर बेखमीर असते, पातळ गोल चकती. ऑर्थोडॉक्स भाकर आंबवलेली : गव्हाचं पीठ, पाणी, यीस्ट, मीठ, बाकी काही नाही. कणकेच्या दोन चकत्या एकीवर एक बसवतात (ख्रिस्ताचं देवत्व आणि मानवत्व), वर कोरीव ठसा दाबतात आणि भाजताना फुगून ठसा मोडू नये म्हणून काडीने भोकं पाडतात. ठशाच्या मधल्या चौकोनात 'येशू ख्रिस्त विजयी' अशी ग्रीक अक्षरं असतात. विधीपूर्वी भाल्याच्या आकाराच्या सुरीने तो चौकोन कापून काढतात. त्याला 'कोकरू' म्हणतात. ग्रीक पद्धतीत एक मोठी भाकर पुरते, रशियन पद्धतीत पाच लहान. पुढे द्राक्षारसाच्या पेल्यात थोडं गरम पाणी घालतात आणि भाकर-द्राक्षारस एकत्र चमच्याने देतात, तान्ह्या बाळालासुद्धा. कारण बाप्तिस्म्याच्या वेळीच त्याचा तैलाभिषेक झालेला असतो. आर्मेनियन मंडळी पूर्वेची असूनही बेखमीर वापरते, म्हणून भाकरीवरून एकट्याने निष्कर्ष काढू नका.

आता अर्थ. कॅथलिक म्हणतात, दिसायला भाकरच राहिली तरी तत्त्व बदलून ते ख्रिस्ताचं शरीर होतं. ऑर्थोडॉक्सही बदल मानतात, पण 'कसा' याची व्याख्या करायला राजी नसतात. लूथर म्हणतो, भाकर भाकरच राहते आणि ख्रिस्त तिच्यात, तिच्यासह खरोखर हजर असतो. स्वित्झर्लंडमधला सुधारक झ्विंगली याच्यासाठी ते स्मरण. १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि झ्विंगली दोघे समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जमलं आणि पंधराव्यातल्या या एका बाबीवर फाटलं. 'प्रोटेस्टंट हे असं मानतात' असं सरसकट वाक्य मराठीत आणण्याआधी मारबुर्ग आठवा.

म्हणून शब्द : कॅथलिकांसाठी 'मिस्सा', प्रोटेस्टंटांसाठी 'प्रभुभोजन', ऑर्थोडॉक्सांसाठी 'दिव्य उपासनाविधी' असं काही स्पष्ट लिहा. तसंच कॅथलिक 'ख्रिस्तसभा', 'फादर', 'स्नानसंस्कार' म्हणतात. प्रोटेस्टंट 'मंडळी', 'पाळक', 'बाप्तिस्मा'. वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसाला एका शब्दावरून कळतं की लिहिणाऱ्याने त्याचं घर ओळखलं आहे की नाही.

कालरेषा :
दीपमाळ यांच्याशी सहमत. हमखास होणाऱ्या चुकांमध्ये दोन भर :

'इमॅक्युलेट कन्सेप्शन' म्हणजे येशूचा कुमारीपोटी जन्म नव्हे. मरिया तिच्या आईच्या उदरात आली त्या क्षणापासून मूळपापापासून (प्रत्येक माणसाला जन्मतः लागलेल्या पापापासून) मुक्त होती, हा कॅथलिक सिद्धान्त. जाहीर झाला १८५४ मध्ये. ऑर्थोडॉक्स मरियेला परमपवित्र म्हणतात, पण हा सिद्धान्त मानत नाहीत.

'पोप अचूक असतो' हेही अर्धवट. १८७० च्या ठरावानुसार श्रद्धा किंवा नीती यांवरची शिकवण तो सर्व ख्रिस्तसभेसाठी, आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने निर्णायकपणे घोषित करतो, तेवढ्यापुरतंच. त्यानंतर असं निःसंशय एकदाच घडलं : १९५०, मरियेचं स्वर्गोन्नयन (तिला देहासह स्वर्गात घेतलं गेलं, हा सिद्धान्त).

पानगळ :
तारखांचा गोंधळ राहिला. ७ जानेवारीचा नाताळ म्हणजे ऑर्थोडॉक्स, असं धरू का?

मूळसंहिता :
नको. रशियन आणि सर्बियन मंडळ्यांची ७ जानेवारी ही जुन्या ज्युलियन पंचांगाची २५ डिसेंबरच आहे. दोन पंचांगांत सध्या १३ दिवसांचं अंतर. ग्रीस आणि रोमानियातले ऑर्थोडॉक्स मात्र २५ डिसेंबरलाच नाताळ करतात, आणि आर्मेनियन ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणासोबत (एपिफनी). ईस्टर मात्र जवळजवळ सगळे ऑर्थोडॉक्स जुन्या गणिताने काढतात. २०२४ मध्ये पश्चिमेचा ३१ मार्चला, पूर्वेचा ५ मेला. २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिललाच. मजकुरात ईस्टरची तारीख असेल तर आधी वर्ष पाहा, मग मंडळीचं नाव, आणि ते दोन्ही मराठी वाक्यात येऊ द्या.