सोलापूरजवळ कुणीच न गेलेलं ठिकाण उरलंय का?

होटगीरोडचा_बुलेटवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडछाप वाटेल, पण मनापासून विचारतोय.

वय ३४, एका कापड दुकानात हिशेब लिहितो, सुट्टी आठवड्यातून एकच. गेल्या सुट्टीला गाडी काढून हत्तरसंग कुडलला गेलो. एका रीलवर ‘अनएक्सप्लोर्ड सोलापूर’ म्हणून दाखवलं होतं. भीमा-सीनेचा संगम, उन्हात तापलेलं संगमेश्वराचं देऊळ, आणि तुळईवरचा तो शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. डोक्यात चित्र असं की आपण एकटे, कोळिष्टकं बाजूला करतोय, एकेक अक्षर लावतोय. प्रत्यक्षात बाहेर सहा गाड्या. कुणाचा तरी अभिषेक होता, एका काकूंनी ओळखपाळख नसताना पुरीभाजी वाढली. ‘वाछितो विजेया होईवा’ (वाचील तो विजयी होईल) ही ओळ शोधायला मान वर केली तर शेजारचा सहावीतला पोरगा म्हणतो, “काका तिकडं नाही, हिकडं बघा.” सहलीला आला होता तेव्हाच पाठ केली म्हणे.

पुरीभाजी चांगली होती, पण माझं तोंड उतरलं.

परत येताना वाटत राहिलं की आपण उशिरा जन्मलो. शंभर वर्षं आधी असतो तर कुर्डुवाडीहून बार्शी लाईटच्या डब्यात बसून पंढरपूर, गावात टांगे, पहाटे मिलचा भोंगा, आणि नकाशात मोकळ्या जागा. आता मोबाईलवर दोन बोटं फाकवली की भीमेच्या काठची बाभूळसुद्धा दिसते. बायको म्हणते, आधी घरातला माळा एक्सप्लोर करा, दिवाळीपासून सांगतेय.

तर, असं एखादं ठिकाण राहिलंय का? उजनीचं पाणी उतरलं की बुडालेलं गाव वर येतं असं ऐकलंय, तिथं वाट कुठून आहे? आणि हे जुन्या काळाचं वेड तुम्हालाही आहे, का माझंच डोकं फिरलंय?

कडकभाकरी

काय बे, आपल्या गल्लीत नळाला पाणी नक्की कधी येतं, हे अजून कुणालाच सापडलेलं नाही. पहिलं ते शोध, तुझं नाव चौकाला देऊ.

जोक सोड. हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जा. फोटो काढण्यासारखं तिथं काहीच नाही, नुसती ज्वारी आभाळापर्यंत. म्हणून रीलवाले येत नाहीत. आगटीतनं काढलेलं कणीस हातावर चोळायचं, शेंगाचटणी घ्यायची, गप्प खायचं.

अशोकचौक_मावशी

अरे बाळा, भोंगा म्हटलास म्हणून लिहिते. आमचे अप्पा मिलमध्ये मागावर होते. घरी तेलुगू, खात्यात मराठी, मुकादमाशी कानडी. भोंग्याची आता सगळे आठवण काढतात. आमच्या घरात भोंगा म्हणजे आईची धांदल आणि अप्पांचा डबा.

मागावर काय असायचं सांगते. कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपली की धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या लाकडी नावेत, नवी बसवायची. धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर यायला पाहिजे. त्याला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. धागा येतो, त्याच्याबरोबर कापसाची तूसही येते. पाळीत असं किती वेळा, ते अप्पांनी कधी मोजलं नाही. जेवताना त्यांच्या समोरच्या दातांच्या फटीतून सूत निघायचं, आम्ही पोरं हसायचो. अप्पापण हसायचे आणि मग खोकायचे. साठी नाही गाठली त्यांनी.

तू म्हणतोस त्या शंभर वर्षांपूर्वी, १९२२ च्या कायद्यानं दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास ठरवले होते, आणि ती कामगारांना सवलत होती! शिवाय जन्माला येताना गल्ली निवडता येत नाही रे. ‘सेटलमेंट’ असं आजही रिक्षावाल्याला सांगितलं की तो बरोबर सोडतो. इंग्रजांनी ज्या जमातींना गुन्हेगार ठरवलं त्यांना ठेवायची ती वसाहत. तिथं जन्मला असतास तर तारेच्या कुंपणात. सरकारदप्तरी जन्मजात गुन्हेगार, हजेरी द्यायची आणि मिलमध्ये राबायचं. नकाशातल्या मोकळ्या जागा राहू देत, कुंपणाबाहेरचा रस्ता बघायला परवाना लागायचा. तो गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ ला गेला.

एवढं सांगितलं, तरी खोटं कशाला बोलू? परवा नातवानं कुठून तरी मोबाईलवर भोंग्याचा आवाज लावला आणि मला भरून आलं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की थोड्या वेळानं अप्पा दारात दिसायचे, एवढंच.

केळीवाला_करमाळा

बुलेटवाले, ते बुडालेलं गाव आमचंय.

म्हणजे पळसदेव सगळ्यांना माहितीये, पळसनाथाचं देऊळ दर उन्हाळ्यात टीव्हीवर दाखवतेत, ते इंदापूरकडं. पण तशी नदीकाठची लई गावं गेली, त्यातलं एक आमचं. १९८० ला धरण झालं तेव्हा मी आईच्या कडेवर. मला गाव आठवतच नाही. त्यामुळं तुमच्यासारखं वेड मलाबी आहे, लपवत नाही.

उजनीचं कसंय, ११७ टीएमसीतलं ६३ टीएमसी मृतसाठा. वरचं पाणी संपलं की पेपरात ‘उजनी उणे’ म्हणून येतं, आणि ते चांगलं उणे झाल्याशिवाय आमचं गाव दिसत नाही. २०२४ ला उणे पन्नास टक्क्यांच्याबी खाली गेलं, तेव्हा आईला घेऊन गेलो. ट्रॅक्टर काठावर लावला. पुढं गाळ वाळून भेगाळलेला, वरनं टणक आणि खालनं लोणी. हे ध्यानात ठेवा, पाय मांडीपर्यंत जातो. पायाखाली शिंपल्या करकर वाजतात. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्यात.

आई सत्तरी ओलांडलेली. तिनं चपला काढल्या न पायानं चाचपत निघाली. “ही बोळ. इथं लिंब होता. हे पाटलाचं.” एका जागी थांबली आणि अंगठ्यानं गाळ उकरायला लागली. खाली उखळ. अंगणात पुरलेलं दगडी उखळ, आत शिंपल्या गच्च भरलेल्या. बोटानं एकेक काढून बाजूला ठेवल्या तिनं, आणि बसलीच तिथं.

तेवढ्यात ड्रोन घेऊन चार पोरं-पोरी आली. त्यातली एक मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, “आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये माणूस नकोय, अबॅन्डन्ड वाटलं पाहिजे.” आई पदर झाडत उठली, “घे बाई, तुझंच घर समज” म्हणाली. माझं डोकं फिरलं, तिचं नाही फिरलं. कुणीतरी बघायला आलं याचंच तिला बरं वाटलं.

जुनं गाव भारी होतं असं आई म्हणते का? रोज म्हणते. नदीचं पाणी ओंजळीनं प्यायचो, भांडणतंटा नव्हता वगैरे. पुरात नाव मिळाली नाही आणि पलीकडं दवाखान्यात नेता आलं नाही म्हणून माझी थोरली बहीण गेली, तेबी त्याच दमात सांगते. मधी थांबत नाही. आणि आज त्याच धरणाच्या पाण्यावर माझी तीन एकर केळी उभी आहे. आता मी कुणाला शिव्या द्यायच्या सांगा.

वाट पाहिजे तर निरोप टाका, मी सांगतो.

होटगीरोडचा_बुलेटवाला

मावशी, केळीवाले, दोन दिवस काय लिहावं कळेना. माळा आवरला. तीन नादुरुस्त पंखे आणि लग्नातल्या पत्रिकांचा गठ्ठा निघाला, खजिना वगैरे काही नाही. बायको खूश.

केळीवाले, यंदा पाणी उतरलं तर येऊ का? माझ्याकडं ड्रोन नाही.

अशोकचौक_मावशी

उखळ वर काढून आणलंत का हो?

केळीवाला_करमाळा

नाही मावशी. खोल पुरलेलंय, पहारीनं हललं नाही आणि ट्रॅक्टर तिथवर जात नाही. आई म्हणली राहू दे. परत त्याच शिंपल्या आत टाकत होती, मी म्हटलं कशाला, तर काही बोलली नाही.

बुलेटवाले, मेच्या शेवटच्या आठवड्यात विचारा. पाऊस लवकर आला तर यंदा जमायचं नाही. आणि चपला नको, बूट घालून या.