कागदाचा दस्ता म्हणजे नेमके किती ताव?

चोपडेकरीण:
बाबांच्या दुकानाची जुनी खतावणी सापडली. एका ओळीत 'फुलस्केप 3 दस्ते' असं लिहिलंय. दस्ता म्हणजे किती? खरेदीदस्ताशी काही नातं आहे का? आई म्हणते, दस्ता म्हणजे खलातला बत्ता!

पाचोऱ्याचा भो:
25 ताव. रीम 500ची, वीस दस्त्यांची. सोपा हिशोब.

भुसावळचे नाना:
भो, या सोप्या हिशोबातच मी आपटलोय. चाळीस वर्षं बाइंडिंग केलं. जुना दस्ता 24चा, रीम 480ची. 500ची नंतर रुळली. एका शाळेच्या 100 पानी वह्या करायच्या होत्या. व्यापाऱ्याकडून दस्ते आले, मी न मोजता एकेक दस्ता मधोमध दुमडून शिवून मोकळा झालो. हेडमास्तरांनी बोटाला थुंकी लावून पानं मोजली, तर 96! एका तावाची चार पानं, चोवीस चोक शहाण्णव. एकेक ताव घालायला सगळ्या वह्यांचे टाके उसवले. बायको मदतीला बसली, आणि बोललीही भरपूर.

आता शब्द. फारसीत दस्त म्हणजे हात. हातात मावेल तेवढा कागद तो दस्ता. दस्तखत, दस्तऐवज त्याच हाताचे, म्हणून ताई, तुमचा खरेदीदस्त भाऊबंदच लागतो. आईचंही बरोबर; बत्ता हातातच धरतात ना!

इंग्रजांचा दस्ता म्हणजे क्वायर; तो शब्द मात्र लॅटिनमधल्या 'चार-चार'वरून आला. चार ताव एकात एक दुमडले की आठ पत्रं, सोळा पानं. दुमडून शिवायच्या अशा गड्डीला आम्ही जुज म्हणतो. अरबीत जुज म्हणजे भाग. जुजबंदी, म्हणजे जुज शिवून पुस्तक बांधणं, त्यावरूनच. आणि रीम इंग्रजी वाटते, पण मूळ अरबी 'रिझ्मा', म्हणजे गठ्ठा. स्पेनमार्गे युरोपात फिरून आपल्याकडे आली.

एरंडोलकर:
नाना, आमच्या एरंडोलचा जाडाभरडा देशी कागद एकेकाळी नावाजलेला होता, यावलचाही. इंग्रजांच्या गॅझेटियरात नोंद आहे, पण धंदा बसत आल्याचीच.

पाचोऱ्याचा भो:
नाना, पण आज दुकानात मागितला तर 25च देतात.

भुसावळचे नाना:
देऊ दे. मोजून घे.

चोपडेकरीण:
खतावणी परत काढली. त्याच ओळीच्या कडेला बाबांनी पेन्सिलीनं बारीक 72 लिहिलंय. मला ती किंमत वाटली होती.