पायलट ट्रेनिंगला आत्ता पैसे भरायचे का थांबायचं? (तासगाव) लवकर सांगा

बागवाला_तासगाव (नोव्हेंबर २०२०)
नमस्कार, अर्जंट आहे. फ्लाईंग स्कूलमध्ये सीपीएलला (कमर्शिअल पायलट लायसन्स) सीट मिळतीय, दिवाळी झाली की पैसे भरा म्हणतायत, सगळे एकदम भरले तर सूट आहे. घरात रोज वाद. अण्णा म्हणतात जेट एअरवेज बंद पडली, कोरोनात आहेत त्या पायलटना बिनपगारी घरी बसवलंय आन तू कुठं चाललायस. मला दुसरं काय करायचंच नाही. विमान कंपन्या कधी सुधारतील तेवढंच सांगा, बाकी सगळं बघून झालंय.

मिरजकर
भावा वय किती, बारावीला विषय कुठले, पायलटची मेडिकल तपासणी झालीय का आणि पैसे कुठनं आणणार? यातलं काहीच लिहिलं नाहीस. मार्केटचं नंतर बघू.

कृष्णाकाठ_कराड
मी म्हणतो भरून टाक. ट्रेनिंगला दीड-दोन वर्षं जाणारच, म्हणजे तू बाहेर पडणार २०२२ च्या शेवटाला. इंडिगोने मागच्या वर्षी ऑक्टोबरात (२०१९) ३०० एअरबसची ऑर्डर दिलीय, ती उडवायला माणसं लागणारच. २५ मे ला देशातली विमानं परत सुरू झाली तेव्हा एक तृतीयांशच परवानगी होती, आता बघ दर दोन महिन्याला वाढवतायत. मंदीत शिकायचं आणि तेजीत लायसन्स हातात पाहिजे.

सई_विटा
दादा, रांगेत पुढं कोण उभं आहे तेही सांगा ना. एप्रिल २०१९ ला जेट थांबली, त्याआधी २०१२ ला किंगफिशर. हजारो तास उडवलेले, टाईप रेटिंग (ठराविक मॉडेलचं विमान उडवायची परवानगी) असलेले लोक आज रिकामे आहेत, कंपनी आधी त्यांना घेणार का २०० तासवाल्याला? माझा मावसभाऊ सीपीएल घेऊन घरी बसलाय. लायसन्स आलं की खर्च संपला असं नसतं, क्लास वन मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (बाहेरचं दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडवायचं) चेक दरवर्षी, आणि त्यासाठी परत दोन इंजिनांच्या विमानाचे तास विकत घ्यायचे. एअरलाईनमध्ये जायला टाईप रेटिंगचे १५-२० लाख वेगळेच. पगार शून्य आणि मीटर चालू.

कृष्णाकाठ_कराड
ताई, सगळ्यांचं तुमच्या भावासारखं होत नाही. असं घाबरून राहिलं तर आपल्याकडचं पोरगं कॉकपिटमध्ये बसणार कधी?

फौजी_सातारा
मी म्हणतो एअरफोर्स का नको? फुकट ट्रेनिंग, वर मान. देशातली पहिली सैनिक स्कूल आपल्या साताऱ्यात १९६१ ला निघाली, तिथल्या पोरांना बघ. एनडीए दे.

बागवाला_तासगाव
काका एनडीएचं वय कवाच गेलं, २३ चालू आहे. बीएस्सी झालंय. बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) होता. मेडिकल ॲडमिशन झाल्यावर करून देतो म्हणालेत. पैशाचं म्हणजे रस्त्याकडचं दीड एकर रान विकायचं नायतर बँकेचं लोन. आता मार्केटचं सांगता का कुणी?

मिरजकर
थांब थांब. पीसीबी म्हणजे गणित नाही! डीजीसीएला (लायसन्स देणारं सरकारी खातं) बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतं. गणिताचा एकटा पेपर एनआयओएसकडून (केंद्राचं मुक्त शाळा बोर्ड) देता येतो, बरेच जण देतात, पण तो पास झाल्याशिवाय डीजीसीएच्या परीक्षांचा कम्प्युटर नंबर मिळायचा नाही आणि नंबर नाही तर नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन एकही पेपर देता येणार नाही. हे तुला सीट देणाऱ्यांनी सांगितलं नाही का?
आणि मेडिकल आधी, ॲडमिशन नंतर. पहिलं क्लास टू, मग क्लास वन. चष्मा चालतो. रंग ओळखण्यात अडचण असली तर मात्र अवघड आहे. इशिहाराचं पुस्तक, ते ठिपक्याठिपक्यांतनं आकडा वाचायचं, मिरजेत कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरकडं असतं. अडकलास तर पुढची टेस्ट असते, पण ते आत्ता कळू दे, रान विकल्यावर नको.

सई_विटा
एकरकमी तर अजिबात भरू नको, सूट कितीही असू दे. भावाने सगळी फी आधी भरली होती. शाळेकडं चालणारी सेसना (शिकायची छोटी विमानं) दोनच. शंभर तास झाले की विमान इन्स्पेक्शनला जातं, पार्ट वेळेवर नाही आला की हँगरमध्येच. पोरं पहाटे पाचला युनिफॉर्म घालून बोर्डावर नाव आहे का बघायची आणि दुपारी परत रूमवर. लॉगबुकात महिना महिना नोंद नाही, आणि पैसे आधीच दिलेले त्यामुळं बोलायची सोय नाही. टप्प्याटप्प्यानं, उडलेल्या तासांप्रमाणे भर. विमानं किती, त्यातली उडणारी किती, मागच्या बॅचला २०० तासांना किती महिने लागले हे त्या पोरांनाच जाऊन विचार.

कृष्णाकाठ_कराड
हे सईताईंचं पटलं. पण गणित सुटलं की थांबू नको हे माझं मत कायम.

बँकेतला_सांगली
साडेसात लाखाच्या वर एज्युकेशन लोनला तारण लागतं, आणि शेतजमीन बँका शक्यतो धरत नाहीत कारण सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेनं कोर्टाशिवाय ताब्यात घ्यायचा) तिला लागू होत नाही. गावठाणातलं घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे का? आणि हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरात सुरू होतो, नोकरी असो नसो. अण्णा सहकर्जदार असणार, त्यांना हे आधी सांग.

कवलापूर_विमानतळ_झालाच_पाहिजे
सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी चालू असती तर पोरांना बाहेर जायला लागलंच नसतं. कराडला आहे, कोल्हापूरला आहे, सांगलीनंच काय घोडं मारलंय?

मिरजकर
त्याचा वेगळा धागा काढा हो, इथं पोराचं रान चाललंय.

बागवाला_तासगाव
गणिताचं मला कुणीच बोललं नव्हतं, फोनवर नुसतं सायन्स ना म्हणाले. पैसे भरत नाही, अण्णांना सांगितलं रानाचा विषय तूर्त बंद. औंदा लॉकडाऊनमध्ये द्राक्षाचा माल गेला नाही म्हणून सगळा बेदाणा केला होता, त्यातलं जे राहिलंय त्यात मेडिकल निघंल. सोमवारी मिरजेला डोळे दाखवतो. मिरजकर, एनआयओएसला बारावीची मार्कशीट जोडून एकच विषय घेता येतो ना, आणि सेंटर सांगलीत आहे का कोल्हापूरला जायला लागतंय?